दम लवकर वाढतो, नडगी उशिरा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या 27 वर्षांच्या तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा:

"सर, तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. पहिलं दीड वर्ष पहाटे चारला उठून वचन, बुधवारी उपवास, शनिवारी प्रार्थनासभा, सगळं धडाक्यात चाललं होतं. गेले सहा महिने बायबल उघडलं की नुसती अक्षरं दिसतात. प्रार्थनेला बसलं की डोळे मिटतात. माझ्या मागून आलेला मुलगा आता चर्चच्या मंडळीपुढे उभा राहून आपल्या विश्वासाची साक्ष देतो. सगळे म्हणतात, धाव संपवायची आहे, थांबू नकोस. ही शर्यत असेल तर मी हरलोय का? की बाहेरच पडलोय?"

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे किती ऐकायचं ते तुला ठरवता येईल. मी पाळक नाही. 31 वर्षं शाळेत पीटी शिकवली. निवृत्त झाल्यापासून पहाटे रंकाळा तलावावर नाहीतर विद्यापीठाच्या रस्त्यावर हौशी लोकांना मॅरेथॉनसाठी तयार करतो. मंडळीत वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक, म्हणून बारा वर्षं काढली. त्यामुळे बायबलमधल्या पत्रांत पौलाने पळण्याचं नाव काढलं की माझे कान टवकारतात, आणि व्यासपीठावरून कुणी त्याचा चुकीचा अर्थ लावला की बसल्या जागी पाय हलायला लागतो.

तर पोरा, तू हरलेला नाहीस. बाहेरही पडलेला नाहीस. तुला इजा झाली आहे. कशी झाली तेही तूच लिहिलं आहेस, 'पहिलं दीड वर्ष' या वाक्यात.

नवीन माणूस पळायला लागला की सहा-आठ आठवड्यांत त्याचा दम वाढतो. पहिल्या दिवशी पदपथाच्या एका टोकाला धाप लागून वाकलेला माणूस दोन महिन्यांत रंकाळ्याची फेरी न थांबता मारतो. हृदय आणि रक्त लवकर शिकतं. हाडं आणि कंडरा मात्र सावकाश शिकतात, त्यांना महिनोन्महिने लागतात. नेमका इथंच घोटाळा होतो. दम म्हणतो 'अजून दहा किलोमीटर', आणि नडगीला त्याचा पत्ताच नसतो. साधारण तिसऱ्या महिन्यात हा माणूस माझ्याकडे लंगडत येतो आणि दरवेळी एकच वाक्य म्हणतो, "सर, दम तर आहे, मग पाय का दुखतोय?" अरे, दम आहे म्हणूनच दुखतोय. दम नसता तर तू एवढा पळालाच नसतास.

विश्वासातही उत्साह हा दम आहे. तो झटकन वाढतो, गाण्याने वाढतो, संजीवन सभेने वाढतो, चार जणांनी पाठ थोपटली की वाढतो. सवय, धीर, माणसं ओळखण्याची समज, आपल्याच मनाचे खेळ ओळखण्याची अक्कल, ही सगळी हाडं आणि कंडरा. तू रात्रपाळी करून आल्यावरही पहाटे चारचा नेम पाळत होतास ना? मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, हा मुलगा वर्ष-दीड वर्षाने लंगडणार. पण विचारलं नाही. मंडळीत आम्ही अशा मुलाचं कौतुक करतो आणि त्याला आणखी एक काम देतो.

माझ्या हातूनही हे झालं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक तरुण माझ्या घरी येऊन बसला, म्हणाला, प्रार्थना कोरडी झाली आहे. मी त्याला काय सांगावं? "आणखी प्रार्थना कर. उपवास वाढव." मैदानावर नडगी धरून बसलेल्या पोराला मी कधीही 'आणखी पळ' म्हणालो नसतो. पण हातात बायबल आलं की मी शिकलेलं सगळं विसरलो. तो मुलगा चार महिन्यांनी यायचा बंद झाला. आता कुठं आहे, ठाऊक नाही. तुला एवढं लांबलचक उत्तर लिहितोय त्यात त्याचाही वाटा आहे.

आता पौलाकडे येऊ, कारण 'शर्यत' या शब्दाने तुला घाबरवलं आहे ते त्याच्या नावाने. 'शर्यतीत सगळे धावतात, पण बक्षीस एकालाच' हे त्याने करिंथकरांना लिहिलं. करिंथ गावाच्या जवळच इस्थमियाला दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता, तंबू शिवून पोट भरत होता. म्हणजे हे लोक मैदान बघितलेले. आपल्याकडे कुस्तीच्या खासबाग मैदानाचा उल्लेख केला की कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तसं. इस्थमियाचं बक्षीस काय, तर पाइनच्या डहाळ्यांचा मुकुट, काही काळ वाळलेल्या सेलरीचा. सेलरी म्हणजे आपल्या कोथिंबिरीच्या कुळातली भाजी! त्या कोथिंबिरीसाठी माणसं महिनोन्महिने जीव काढायची. पौल 'नाशवंत मुकुट' म्हणतो तेव्हा करिंथकरांना हसू आलं असणार.

पण तो पुढे 'सर्व बाबतींत संयम' म्हणतो ना, ते कोल्हापूरकराला जितकं पटकन कळतं तितकं इतरांना कळत नसावं. तालमीतल्या पैलवानाकडे बघ. पहाटेचे जोर-बैठका, मातीतली लढत, वस्तादाच्या नजरेखालचं खाणं, दुपारची झोप, लवकर निजणं. यातली झोप आणि खुराक ही चैन नसते, तोच सराव असतो. एखाद्या पठ्ठ्याने जोशात येऊन चार हजार जोर मारले आणि जेवण टाकलं, तर वस्ताद त्याला शाबासकी देत नाही, कान पिळतो. मंडळीत मात्र 'संयम' म्हटलं की आम्हाला फक्त उपाशी राहणं आठवतं.

आणि 'एकालाच बक्षीस' याचं काय? पौल तिथं धावण्याची रीत शिकवतोय, निकाल लावत नाहीये. 'असे धावा' यावर जोर आहे. तोच पौल आयुष्याच्या शेवटी, तीमथ्याला लिहिताना, धाव संपवली म्हणतो आणि लगेच पुढच्या ओळीत सांगतो की मुकुट मला एकट्यालाच नाही, प्रभूच्या प्रकट होण्याची आवड धरणाऱ्या सगळ्यांना आहे. आमचे लोक आधीची ओळ भिंतीवर लावतात आणि पुढची वाचतच नाहीत. तुझ्या मागून आलेला मुलगा साक्ष देतो, चांगलंच आहे. त्याचा मुकुट तुझ्यातून कापून दिला जाणार नाही.

बरं, मागून-पुढून याचाच विषय निघाला तर योहानाच्या शुभवर्तमानातली एक गंमत सांगतो. येशूची कबर रिकामी आहे हे कळल्यावर पेत्र आणि दुसरा शिष्य दोघेही पळत सुटले. दुसरा शिष्य पेत्राच्या पुढे गेला, आधी पोचला. आणि दारातच थांबला! पेत्र मागून धापा टाकत आला आणि सरळ आत शिरला. मग दुसराही गेला, त्याने पाहिलं आणि विश्वास ठेवला. कोण जिंकलं म्हणायचं? मी हा उतारा तरुण संघात वाचला की मुलं हसतात, आणि त्यानंतर शांत होतात.

ही धाव लांब पल्ल्याची आहे हे इब्री लोकांस पत्रात अगदी स्पष्ट आहे. नेमून दिलेल्या धावेवरून 'धीराने' धावा, असं तिथं आहे, 'वेगाने' नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ओझ्याखाली टिकून राहणं असा आहे. ग्रीकांकडे दोन्ही प्रकार होते: एका स्टेडियमच्या लांबीची झटपट शर्यत, ऑलिंपियात ती साधारण 192 मीटर भरते, आणि 'डोलिखोस' नावाची लांब पल्ल्याची. तू डोलिखोसला उभा राहिलास आणि पहिल्या 192 मीटरसारखा सुटलास.

मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. अंगातली साठवलेली साखर बहुतेकांची तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते, आणि सुरुवातीला जोरात सुटलेल्याची त्याआधीच. पाय शिशाचे होतात. डोकं म्हणतं, तू पळणारा माणूसच नाहीस, तू उगाच आलास. हे मी स्वतः भोगलंय, पहिल्या मॅरेथॉनला, रस्त्याकडेला कठड्यावर बसून. त्या क्षणी डोक्यात जे काही येतं ते खरं वाटतं. पण ते साखर संपलेल्या मेंदूचं बोलणं असतं. 'मी बाहेरच पडलोय' हे तुझं वाक्य मला त्याच आवाजात ऐकू आलं.

आता जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याचं बघ. माझ्या मते पळणाऱ्याने पौलाआधी एलीया वाचावा.

कर्मेल डोंगरावरचा तो मोठा दिवस झाला, आकाशातून अग्नी पडला, पाऊस आला, आणि एलीया कंबर बांधून अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत पळत गेला. नकाशावर मोजलं तर वीस किलोमीटरहून जास्त. रथापुढे, पावसात. असला धावपटू! आणि लगेच पुढच्या अध्यायात हाच माणूस ईजबेल राणीच्या एका निरोपाने घाबरून रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. सगळ्यात मोठ्या धावेनंतर लगेच सगळ्यात मोठा कोसळा. मला यात जराही नवल वाटत नाही. मोठ्या शर्यतीनंतरच्या आठवड्यात रडणारी, चिडणारी, बूट फेकून देणारी धडधाकट माणसं मी पाहिली आहेत.

देव त्याला काय म्हणतो ते वाच. 'तुझा विश्वास कुठं गेला' असं काही विचारत नाही. कालचा चमत्कार आठव, असंही सांगत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला लावतो, आणि कारण देतो: वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. झोप, भाकर, झोप, भाकर. प्रवास त्यानंतर, आणि तो हळूवार आवाज तर कितीतरी पुढे, होरेब डोंगराला पोचल्यावर. मी नडगी दुखावलेल्या माणसाला जे लिहून देतो ते जवळजवळ हेच आहे.

म्हणून पहिली गोष्ट, तू झोपतोस किती? प्रार्थनेला बसलं की डोळे मिटतात असं लिहिलंस. रात्रभर भट्टीजवळ उभा राहिलेला माणूस सकाळी डोळे मिटून बसला तर त्याला झोपच येणार. ते पाप नाही. पाळी बदलते त्या आठवड्यात पहाटेचा नेम पूर्ण बंद कर. उपवासही तूर्त बंद. आणि एक गोष्ट सरळ विचारतो, कारण एलीयाने तोंडाने मरण मागितलं होतं: तुझ्या मनात तसं काही येत असेल, जगण्यातलीच चव गेली असेल, तर हे उत्तर वाचत बसू नकोस. घरातल्या कुणाला तरी आजच सांग आणि डॉक्टरकडे जा. मंडळीत काही जण याला विश्वासाची उणीव म्हणतील. म्हणू देत.

दुसरी गोष्ट ओझ्याची. इब्रीकरांस पत्रात 'सर्व भार' आणि 'गुंतवणारं पाप' असे दोन वेगळे शब्द आहेत. भार म्हणजे पाप नव्हे. पाण्याची दीड लिटरची बाटली हे पाप नाही, पण ती हातात घेऊन पन्हाळ्याचा घाट चढून बघ. तू मंडळीत काय काय करतोस ते लिहिलं नाहीस, पण मी अंदाज सांगतो: संडे स्कूल, गाण्याचा सराव, खुर्च्या लावणं, माइक, आणि रविवारचं मोबाइलवरचं चित्रीकरण. बरोबर? यातलं एक ठेव. बाकीची परत कर. पाळकसाहेबांना सांगायला अवघड वाटत असेल तर माझं नाव सांग, मी शिव्या खाईन.

तिसरी गोष्ट, वेग. माझ्याकडे येणाऱ्या लोकांचं आठवड्यातलं बहुतेक पळणं मी अशा गतीने करवून घेतो की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. लोकांना ते अपमानास्पद वाटतं. एका वकीलसाहेबांनी मला विचारलं होतं, "सर, ह्याला पळणं म्हणायचं का वरात?" पण पाया त्या वरातीतच तयार होतो. तुझ्यासाठी वरातीचा वेग म्हणजे बायबलमधलं रोज एक स्तोत्र, मोठ्याने, पाच मिनिटं. समजलं नाही तरी चालेल. 13वं वाच, 42वं वाच. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही दिलासा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. पाच मिनिटं झाली की बंद कर, जास्त वाचावंसं वाटलं तरी. हो, वाटलं तरी. महिनाभर तरी पोटात भूक ठेवूनच उठायचं.

रविवारची उपासना मात्र सोडू नको. तिथं तुला काही वाटलं पाहिजे अशी अट नाही. घोळक्यात पळताना माणूस स्वतःच्या ताकदीपेक्षा थोडा पुढे जातो, पुढच्याच्या पाठीकडे बघत. एखाद्या रविवारी गाणं तोंडातून फुटलं नाही तर शेजारच्याचं ऐक. इब्री पत्रात आधी होऊन गेलेल्या विश्वासू माणसांना 'साक्षीरूपी मेघ' म्हणतात, तो मला खासबागेतल्या गर्दीसारखा दिसतो. तिथं कठड्यावर बसलेले म्हातारे नुसते प्रेक्षक नसतात, कान सुजलेले जुने पैलवान असतात. खालच्या पोराची पकड सुटतेय हे त्यांना त्याच्याआधी कळतं. इब्री 11 मधली माणसं अशी आहेत, पडलेली, उठलेली, आणि वचनात सांगितलेलं हाती न येताच मेलेली. आपल्या कोल्हापूरपुरतं बोलायचं तर रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली इथं आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच 1863 मध्ये जन्मला आणि पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीचा एक पुढारी झाला. बापाला कोल्हापुरात बसून ते पुढचं काय दिसलं असेल? आपल्या वाट्याचा तुकडा पळायचा, एवढंच हातात असतं.

आता या रूपकाची मर्यादाही सांगतो, नाहीतर मी पीटी मास्तर म्हणून सगळं घामावरच नेऊन ठेवीन. त्याच पौलाने रोमकरांना लिहिलं आहे की हे इच्छा बाळगणाऱ्यावर किंवा धावणाऱ्यावर अवलंबून नाही, दया करणाऱ्या देवावर आहे. मैदानात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य गिळायला जड जातं. मला अजून जातं.

आमच्या शेजारी एक वारकरी काका आहेत, आषाढीला न चुकता नंदवाळच्या दिंडीत चालतात. मला पहाटे बूट बांधताना बघून ते एकदा म्हणाले, "मास्तर, पळून कुठं गाठायचंय? देव काय पळून चाललाय व्हय?" मी त्यांना यशयाचं 40वं प्रकरण वाचून दाखवलं. त्यात गरुडासारखं उडणं आधी येतं, मग धावणं, आणि सगळ्यात शेवटी चालणं, न थकता. काका म्हणाले, "बघा, शेवटी आमच्याच लायनीत आलात." मी काय बोलणार!

रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट तुला ठाऊक असेलच. तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, असं जुनी माणसं सांगतात. दंतकथाच ती, त्यावरून सिद्धांत काढायचा नाही. पण माझा स्वतःचा विश्वासाचा हिशेब मांडला तर एवढाच निघतो बघ. काही वर्षं तर गहू कुठला आणि तांदूळ कुठला हेही कळलं नाही.

एक प्रश्न मात्र तुला परत विचारायचा आहे. पौल गलतीकरांना विचारतो, चांगले धावत होता, तुम्हाला कोणी अडवलं? तिथला ग्रीक शब्द आडवं येऊन वाट तोडण्याचा आहे, पळताना कुणी मध्येच घुसावं तसा. सहा महिन्यांपूर्वी काय झालं? घरात काही? कारखान्यात? मंडळीतल्या कुणी काही बोललं? कधी कधी नडगी नुसत्या पळण्याने दुखत नाही, कुणीतरी पाय घातलेला असतो, आणि आपण सगळा दोष स्वतःच्या सरावाला देत बसतो. त्याचं उत्तर असं लिहून पाठवू नकोस, समोर बसून सांग.

येत्या शनिवारी पहाटे साडेपाचला मी संध्यामठाच्या बाजूला असेन. पळायचं नाही, बूटही नकोत, चप्पल चालेल. एक फेरी चालू, मग गंगावेशीत दूध पिऊ. तुझी शुक्रवारी रात्रपाळी असेल तर मात्र येऊ नकोस. घरी जाऊन झोप. पुढच्या शनिवारी ये.